जमिनीलगतची तोड

ती अळी मला चौकशी समिती सुनावणीला बसायच्या आधी सापडली होती. चांगले दोन तास आधी. ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलासुद्धा नाही, आणि तिला मी बाकी सगळं सांगतो, कारण न सांगितलं तरी तिला कळतंच.

आमचं गाव शिरूर कासारच्या बाजूचं. दिवाळी झाली की अर्धं गाव ट्रकात बसून ऊस तोडायला जातं, ते पाडव्याच्या आसपास परत येतं. मागं राहतात ती म्हातारी माणसं, कुत्री आणि सोसायटी. मी सोसायटीचा सचिव. बारावी पास आणि अक्षर चांगलं, एवढ्या भांडवलावर मी त्या खुर्चीत बसलो आणि अजून बसलेलोच आहे.

त्या साली पाऊस नुसता तोंड दाखवून गेला. दिवाळीच्या आधीच टँकर सुरू झाला. शेतात पीक नाही म्हणजे खताची रांग नाही, आणि खताची रांग नाही म्हणजे सोसायटीत कुणी फिरकत नाही. रिकाम्या सोसायटीचा चेअरमन कसा दिसतो हे ज्यानं पाहिलं नसेल, त्यानं लग्न मोडलेल्या मांडवात बसून राहिलेला बँडवाला आठवावा. आमचे चेअरमन, ज्यांना सगळं गाव आण्णा म्हणतं, पंधरा दिवस तसे बसले. मग एक दिवस तालुक्याला बैठकीला गेले आणि योजना घेऊन आले. सहकारी परसबाग स्पर्धा. न्हाणीच्या आणि भांड्याच्या पाण्यावर घरामागं भाजी लावायची, सोसायटी बघून नंबर काढणार, आणि पहिला नंबर येईल त्या परसबागेची भाजी वर्षभर शाळेच्या खिचडीला घेतली जाणार.

या योजनेसाठी मला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. तिथं मला एक पिशवी, एक पेन आणि 'आच्छादन' हा शब्द मिळाला. मातीवर वाळलेलं गवत, तण, पाला जाड पसरायचा म्हणजे ओल टिकते, एवढाच त्याचा अर्थ. पण मी तो शब्द घेऊन गावात अशा थाटात फिरलो, जसा काही पाऊसच पिशवीत घालून आणलाय. चौदा घरांनी भाग घेतला. घरोघरी जाऊन मी सांगितलं, आच्छादन रोपाच्या अगदी देठाला भिडवा, मोकळी जागा सोडू नका, आणि पाणी संध्याकाळी द्या. दोन दिवसांत मी तज्ज्ञ झालो होतो. प्रशिक्षण तीन दिवसांचं असतं तर विद्यापीठात जाऊन बसलो असतो.

आमच्या घरामागं काट्यांची कुपाटी आहे. तिच्या पलीकडं आक्काचं घर. आक्का माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. वीस वर्षं नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेलेली. तिकडच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. त्या साली तिची कंबर गेली. डॉक्टरनं वाकायचं नाही म्हणून सांगितलं आणि मुकादमानं तिच्या नवऱ्याला एकट्याला नेलं. बायको बरोबर नसली की मुकादमाच्या लेखी धट्टाकट्टा माणूस 'अर्धा कोयता'. म्हणजे आक्का त्या हिवाळ्यात वीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या घरात होती. सकाळी उठून ती आपल्याच भिंतींकडं अशी बघायची, जशी पाहुणी आली आहे.

वाकायचं नाही म्हणून ती बसून, सरकत सरकत वाफे करायची. स्पर्धेत नाव द्यायला आली तेव्हा मला म्हणाली, "भाऊ, खिचडीची भाजी माझ्याकडं आली ना, तर कोयता माळ्यावर टाकीन. परत न्हाई काढायची."

मी नाव लिहून घेतलं आणि तिलाही आच्छादनावर दोन वाक्यं ऐकवली. तिनं ऐकून घेतली. "गवात रोपापासून वीतभर लांब ठिवते भाऊ," म्हणाली, "देठाजवळ ओल राहिली की किडं दडतेत." मी हसलो. बिनप्रशिक्षणाच्या माणसावर जसं हसायचं असतं तसं.

थोड्याच दिवसांत सोसायटीची सभा झाली. दुष्काळावर भाषणं झाली, चहा झाला, लोक गेले. आणि आक्का पटांगणात बसून बसून चहाचे कागदी कप गोळा करायला लागली. मी पायरीवर उभा होतो, भोवती चारपाच माणसं होती, आणि माणसं भोवती असली की माझी जीभ वळवळते. म्हणालो, "आक्का, लाभांश गोळा करताय काय?" सगळे हसले. तीही हसली. कप पदरात घेऊन गेली.

त्या कपांचं तिनं काय केलं ते मी कुपाटीवरून पाहिलं. प्रत्येक कपाचं बूड कापलं, रोपाच्या भोवती तो उभा केला आणि बोटभर मातीत दाबला. वांग्याचं प्रत्येक रोप कागदाच्या नळीत उभं. मला ते फार विनोदी वाटलं. चौदा बागांत एकच बाग चहा पीत बसल्यासारखी दिसत होती.

मग रोपं पडायला लागली. पहिली माझी. सकाळी बघतो तर चार वांगी आडवी. पानं जशीच्या तशी, देठ जमिनीलगत कापलेला. शेळी असती तर खाल्लं असतं, उंदीर असता तर ओढून नेलं असतं. हे कापून जागेवर ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी आणखी तीन. मग व्हाईस चेअरमनच्या घरच्या मिरच्या. मग खुद्द चेअरमनच्या सुनेचे टोमॅटो. आठवडाभरात तेरा घरांत हेच.

सोसायटीत चहाला हाच विषय. तज्ज्ञ म्हणून सगळे माझ्याकडं बघत होते आणि मला काही माहीत नव्हतं. प्रशिक्षणात अळीचं सत्र दुसऱ्या दिवशी जेवणानंतर होतं आणि त्या सत्रात मी झोपलो होतो. माहीत नाही असं म्हणणं सचिवाला शोभत नाही, म्हणून मी विनोद केला. म्हणालो, "ही तोड तर कारखान्यावरची दिसती. बुंधा ठिवलाच न्हाई, पार जमिनीलगत. मुकादमानं शाबासकी दिली असती."

ऊस जमिनीलगत तोडायचा असतो, साखर बुडाला असते, बुंधा ठेवला की तिकडं शिव्या बसतात, हे आमच्याकडं पोराटोरांना माहीत असतं. सगळे हसले. फक्त आण्णा हसले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला.

"आता गावात कोयत्याचा हात कुणाचा हाय बे?" ते म्हणाले.

बाकी सगळे कोयते तिकडं उसात होते. गावात एकच होता. कुणी नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती.

तेव्हाच मी म्हणायला हवं होतं, की आण्णा, मस्करी केली. तीन शब्द होते. पण चेअरमननं माझं बोलणं गंभीरपणे घ्यायची ती पहिलीच वेळ होती. मला बरं वाटलं. हे लिहितानाही हात थांबतो, पण खरं आहे. मला बरं वाटलं.

समिती नेमली गेली. आण्णा अध्यक्ष. तज्ज्ञ म्हणून जनावरांचे डॉक्टर, कारण झाडाचा डॉक्टर पंचक्रोशीत नव्हता आणि जीव शेवटी जीवच. लिहायला मी. कर्जमाफीच्या अर्जांकडं आमच्या सोसायटीनं कधी एवढं लक्ष दिलं नसेल. तेराही बागा फिरलो. आण्णांनी शाळेतून फूटपट्टी मागवली आणि प्रत्येक बुंधा मोजला. डॉक्टर गुडघ्यावर बसून बघायचे आणि म्हणायचे, दातांची खूण न्हाई. जनावरांचे दात ते आयुष्यभर बघत आले होते, त्यामुळं कुणी शंका घेतली नाही. मी लिहीत होतो: तोड स्वच्छ, तिरपी नाही, उंची शून्य. पुरावा म्हणून तीन रोपं वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवली. तिसऱ्या दिवशी बघतो तर पुरावा वाळून चुरा झालेला.

चौदाव्या बागेत गेलो. आक्काची. एकही रोप पडलेलं नाही. वांगी टवटवीत, कपात उभी. आण्णा वाफ्याला फेरी मारून म्हणाले, "सगळ्यांचं गेलं, हिचंच कावून न्हाई गेलं?" मग कपांकडं बोट दाखवलं. "आन् हे कप सोसायटीचे हायेत."

एका बागेची रोपं वाचली, यातून तिला काहीतरी माहीत आहे असा अर्थ काढता आला असता. समितीनं तिनंच केलं असा अर्थ काढला. मीही समितीत होतो.

सुनावणी दुसऱ्या दिवशी अकराला ठेवली. आण्णा म्हणाले, ताजा पुरावा आण, चुरा काय दाखवायचा. म्हणून त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास मी माझ्या वाफ्यात गेलो. एक वांगं नुकतंच पडलेलं होतं. शेंड्याचं एक पान आच्छादनाखाली मातीत ओढलं गेल्यासारखं दिसत होतं. मी ओढलं. आत काहीतरी धरून होतं. गवत बाजूला केलं, खुरप्यानं बोटभर माती उकरली आणि ती निघाली. मातीच्याच रंगाची, तेलकट, जाडसर. उजेड लागताच तिनं अंगाची गुंडाळी केली आणि हातावर मेल्यासारखी पडून राहिली. मी आणखी उकरलं. पडलेल्या प्रत्येक रोपाजवळ एक. माझ्या आच्छादनाखाली, माझ्या संध्याकाळच्या पाण्यावर, दुष्काळात एवढं सुख गावात दुसऱ्या कुणाला नव्हतं. तेराही घरांत मी त्यांची सोय करून आलो होतो.

मनात अकराची सुनावणी चालू होती. मी अळी पुढं ठेवतो, आण्णा विचारतात, मग ही तोड कारखान्यावरची म्हणून कोण बोललं? आच्छादन देठाला भिडवा म्हणून कोण सांगत फिरलं? आणि सगळे हसतात. मी आयुष्यभर दुसऱ्यांवर हसलो होतो, स्वतःवर कसं हसून घ्यायचं ते मला येत नव्हतं. मी त्या अळ्या एका ठिकाणी केल्या, चपलेच्या टाचेनं चिरडल्या, वर माती ओढली, हात धुतले, आणि ते पडलेलं वांगं घेऊन सोसायटीत गेलो.

आक्का आली. तिला खुर्ची दिली नाही, ती भिंतीला धरून उभी राहिली. आण्णांनी विचारलं, तुझा कोयता कुठं हाय? घरात हाय, म्हणाली. मग तिनं टेबलावरचं वांगं पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम सैल झाला. काय आहे ते तिला समजलं आणि आता सांगितलं की संपलं, असं तिला वाटलं असणार.

"आण्णा, ही अळी हाय," ती म्हणाली. "मातीत ऱ्हाती. रातच्याला वर येती, देठ कुरतडती, दिसा दडती. तिकडं आमच्या पाचटाच्या कोपीशेजारी मालकाचे टमाटे व्हते, तिथं बी असंच झालं. तिथं बी आमचंच नाव आलतं. मग मालकिणीनं सोता उकरून दाखवलं, समद्या टोळीसमोर. तिनंच शिकवलं, देठाला कागुद गुंडाळायचा, मातीत दाबायचा. संध्याकाळी ओल्या तणाच्या जुड्या ठिवायच्या, सकाळी उचलायच्या, खाली सापडतेत. कोंबडीला टाकायच्या. चला, आत्ता उकरून दावते."

डॉक्टर म्हणाले की अळी पानं खाते, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे, कापून टाकून देणारी अळी त्यांनी ऐकली नाही. आण्णा हसले. मग आक्कानं माझ्याकडं बघितलं.

"भाऊ, तुमी तर टरेनिंग घेतलंय. तुमी सांगा की."

खोलीत सगळे माझ्याकडं बघत होते. माझ्या चपलेला ओली माती होती. मी वहीत बघून म्हणालो, "प्रशिक्षणात असं काही सांगितलं नाही."

ते खोटंही नव्हतं. मी झोपलो होतो, तेव्हा मला तरी काही सांगितलं नव्हतं. अशी वाक्यं करण्यात माझा हात चांगला आहे. अक्षरासारखाच.

ठराव मी लिहिला. स्पर्धेतून नाव कमी, आणि टँकरच्या पाण्याला, ज्याची यादी आण्णाच ठरवायचे, नंबर सगळ्यांच्या शेवटी. उकरायला कुणी गेलं नाही. तिकडच्या परक्या मालकिणीनं खुरपं हातात घेतलं होतं. इथं गावचीच माणसं, सहकारी तत्त्वावर, खुर्च्यांत बसून राहिली.

शेवटचा नंबर म्हणजे हौदाच्या तळाचा गाळ. तेवढ्यात प्यायचं भागायचं, न्हाणीला उरत नव्हतं, आणि न्हाणीचं पाणी नाही म्हणजे बाग नाही. तिची वांगी फुलावर आली होती. महिनाभरात कपांत नुसत्या काड्या राहिल्या. या काळात ती माझ्याशी बोलायची थांबली असती तर मला सोपं गेलं असतं. ती थांबली नाही. एके दिवशी कुपाटीशी आली आणि एकात एक घातलेल्या कपांची चळत तिनं काट्यांवरून माझ्याकडं सरकवली.

"माझ्या वाफ्यात आता काय न्हाई," म्हणाली. "तुमच्याकडं बी अळी हाय भाऊ. लावा. न्हाईतर तुमचं बी जाईल."

मी घेतले. लावले. तण रोपांपासून लांब केलं, संध्याकाळी ओल्या गवताच्या जुड्या ठेवल्या, सकाळी उचलल्या, खालच्या अळ्या रॉकेलच्या पाण्यात टाकल्या. पंधरा दिवसांत बाग सावरली. बाकीच्या घरांना मी तेच सांगितलं, नवीन तंत्र म्हणून. कुठून आलं ते कुणी विचारलं नाही. आण्णांनी सभेत माझं कौतुक केलं आणि मी हात जोडले. पहिला नंबर त्यांच्या सुनेचा आला. खिचडीची भाजी वर्षभर त्यांच्या घरून गेली, म्हणजे त्यांच्या घरून निघालेल्या जीपमधून गेली. ती जीप आठवडी बाजारात भरली जायची हे शाळेच्या घंटेलाही माहीत होतं. त्या भाजीच्या चौकशीला कुणी समिती नेमली नाही.

पुढच्या दिवाळीनंतर आक्का ट्रकात चढली. कमरेला घट्ट कापड बांधलेलं होतं. दोघांचा परत एक कोयता झाला. मी सोसायटीच्या दारात उभा होतो. तिनं ट्रकातून हाक मारून सांगितलं की कोंबडीवर लक्ष ठेवा. त्यानंतर ती आणखी पाच हंगाम गेली. पाचव्या हंगामाहून आली ती वाकून चालतच. आता ती जमिनीकडं बघत चालते, आणि समोरचा माणूस कोण हे तिला चपलांवरून ओळखावं लागतं. माझ्या चपला ती लांबून ओळखते.

आण्णा थकलेत, आता त्यांचा मुलगा चेअरमन आहे. जनावरांचे डॉक्टर बदली होऊन गेले. कृषी खात्याचा माणूस आता दर हिवाळ्यात येतो आणि देठ कुरतडणाऱ्या अळीचं रंगीत चित्र सोसायटीच्या भिंतीवर लावतो. माझ्या खुर्चीच्या बरोबर समोर. गावातला कुणीही ते चित्र बघून त्या ठरावाची आठवण काढत नाही. गावाला आठवतं ते एवढंच, की आक्कानं एकदा लोकांची रोपं कापली होती. मागच्याच महिन्यात हौदावर कुणीतरी तिला हसत म्हणालं, "आक्के, आमच्या वांग्यांकडं नको बगू." ती हसली. मीही तिथं होतो आणि घागर उचलून घरी आलो.

ते प्रोसिडिंग बुक अजून कपाटात आहे. ठराव माझ्या अक्षरात आहे, एकही खाडाखोड नाही. खाली तीन सह्या, एक माझी.

आता दर हिवाळ्यात ती कुपाटीवरून मला वांग्याची रोपं देते आणि कप लावलेत का विचारते. मी लावलेत म्हणून सांगतो.

माझं तिला एक देणं आहे. सोसायटीच्या भरल्या सभेत, ती समोर असताना, तो ठराव काढून वाचायचा आणि सांगायचं की हे खोटं आहे, रोपं अळीनं कापली होती, आणि लिहिताना मला ते माहीत होतं. एवढं मी अजून केलेलं नाही.